दिव्या जगज्जेती झाली का हो?

तिरका_उंट | ३० जुलै २०२५, रात्री १०.४०

आमच्या सोसायटीच्या गेटवर काल संध्याकाळी फ्लेक्स लागला. वर बुद्धिबळपटू दिव्या देशमुखचा फोटो, खाली 'महाराष्ट्राची जगज्जेती', आणि त्याखाली तिच्या फोटोपेक्षा मोठे असे शुभेच्छुकांचे सहा चेहरे. सासरे सध्या आमच्याकडे आहेत. सकाळी फिरून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "जावईबापू, ही जगज्जेती झाली म्हणता, मग ती चीनची बाई कुठे गेली?"

प्रश्न लाखातला. ऑफिसात दिवसभरात चार जणांनी अभिनंदनाचे पेढे खाल्ले, पण हा प्रश्न एकालाही पडला नाही.

चीनची बाई म्हणजे जू वेनजुन, आणि ती कुठेही गेलेली नाही. २०१८ पासून किताब तिच्याकडेच आहे. याच एप्रिलमध्ये तिने टॅन झोंगयीला ६.५–२.५ असं हरवून तो पाचव्यांदा जिंकला. बारा डावांची लढत, नवव्या डावातच आटोपली. गंमत म्हणजे दुसरा डाव जिंकून आघाडी घेतली होती ती टॅनने! मग जूने तिसरा घेतला, चौथा बरोबरीत गेला, आणि पाचवा, सहावा, सातवा, आठवा हे चारही जूने ओळीने मारले. त्या पातळीवर असं सहसा होत नाही. टॅन स्वतः माजी विश्वविजेती आहे, कुणी ऐरीगैरी नव्हे.

दिव्याने जॉर्जियातल्या बाटुमीला जिंकला तो विश्वचषक. क्रिकेटमुळे आपली गल्लत होते. तिथे चषक उचलला की जगज्जेते, विषय संपला. बुद्धिबळात विश्वचषक हा जिना आहे, माडी नव्हे. माडीवर एकच खुर्ची आहे आणि त्या खुर्चीसमोर बसायला मिळावं म्हणून सगळी धडपड.

जिना असा. पुढच्या वर्षी कँडिडेट्स स्पर्धा होईल. आठ जणी, प्रत्येकीशी दोनदा, म्हणजे चौदा फेऱ्या. जी पहिली येईल ती जूशी लढणार. या आठ जागांपैकी तीन विश्वचषकातून, दोन ग्रँड स्विस या अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेतून, दोन ग्रँड प्री या सहा टप्प्यांच्या मालिकेतून, आणि एक वर्षभरातल्या स्पर्धांमधल्या एकूण कामगिरीवरून. विश्वचषकाच्या तिन्ही भरल्या: दिव्या, कोनेरू हम्पी, आणि तिसऱ्या क्रमांकावर पुन्हा टॅन झोंगयी. ग्रँड प्रीच्या दोन्ही झू जिनेर आणि गोर्याचकिनाकडे गेल्या. ग्रँड स्विस सप्टेंबरमध्ये समरकंदला आहे.

सासऱ्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अजून पोरीची परीक्षा बाकी आहे." मग चहा घेतला आणि पेपर उघडला.

मला चर्चा करायची आहे ती यावर: आजवर भारतातून एकच बाई त्या खुर्चीसमोर बसली आहे. इतक्या चांगल्या खेळाडू असून असं का झालं, आणि आता बदलेल का?

---

नागपुरी_प्यादं | ३१ जुलै, सकाळी ७.५५

काल रात्री विमानतळावर गेलतो. ढोल, हार, लहान लहान पोरं शाळेच्या गणवेशात. कोणी पटच घेऊन आलं होतं सही घ्यायला. तुमचा हिशोब बरोबर असंल भाऊ, पण नागपूरकराले कालच्या दिवशी विश्वचषक आणि विश्वविजेतेपद यातला फरक समजावून सांगू नका, मार खासान.

गंमत बाजूला. तिचे पहिले प्रशिक्षक राहुल जोशी आज हयात नाहीत. पोरीनं ग्रँडमास्टर व्हावं हे त्यांचं स्वप्न होतं, आणि काल तिनं त्यांचीच आठवण काढली. आमच्या इथं ज्यांनी त्यांना शिकवताना पाहिलं त्यांचे डोळे भरून आले.

---

वेळ_संपली | ३१ जुलै, सकाळी ९.१०

ग्रँडमास्टर किताबावरून आठवलं. बाटुमीला जाताना दिव्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी एखाद्या स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी) नव्हता. लोक तीन नॉर्मसाठी युरोपभर वर्षानुवर्षं वणवण फिरतात. हिने विश्वचषकच जिंकला, त्यामुळे नियमानुसार किताब थेट. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये हम्पी, हरिका, वैशाली यांच्यानंतर चौथी.

पंधरावं मानांकन होतं. तिचा रस्ता बघा: चौथ्या फेरीत दुसरी मानांकित झू जिनेर, उपांत्यपूर्वला हरिका, उपांत्यला टॅन, अंतिमला हम्पी. टॅनविरुद्धचा दुसरा डाव १०१ चाली चालला. मी मधे जेवलो, भांडी घासली, परत येऊन बसलो, तरी चालूच.

---

काळा_वजीर | ३१ जुलै, दुपारी १२.३०

बाद पद्धतीत नशिबाचा भाग मोठा असतो हे मान्य करा. दोन क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सोडवायचे आणि रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) समोरच्याची चूक होण्याची वाट बघायची. अंतिम सामना तसाच झाला ना? हम्पीने घड्याळाच्या दडपणाखाली चूक केली, नाहीतर निकाल वेगळा होता.

---

तिरका_उंट | ३१ जुलै, दुपारी १.१५

@काळा_वजीर, 'नाहीतर' या शब्दावर बुद्धिबळातले सगळे हरलेले डाव जिंकता येतात :)

तो डाव मी नंतर निवांत पाहिला. रॅपिडचा दुसरा डाव, दिव्याकडे काळी मोहरी, म्हणजे हम्पीला पांढऱ्यांचा फायदा. शेवटी पटावर हत्ती आणि प्यादी उरली. पंधरा मिनिटं आणि चालीमागे दहा सेकंद अशी वेळ. ती पंधरा मिनिटं केव्हाच उडालेली असतात, मग माणूस त्या दहा सेकंदांवर जगतो. हत्तीच्या अंत्यखेळात बरोबर चाल बहुधा एकच असते, आणि ती 'दिसत' नाही, मोजावी लागते. दहा सेकंदांत मोजणार काय? समोरची एकोणीस वर्षांची पोरगीही त्याच दहा सेकंदांवर खेळत होती. तिने हत्ती जागेवरून हलवला, प्यादं पुढे ढकललं, पुन्हा वाट पाहिली. घाई केली नाही. याला नशीब म्हणायचं तर म्हणा.

---

शलाका_गो | ३१ जुलै, दुपारी ४.०२

मला त्या निकालानंतरच्या क्षणात हम्पीच जास्त दिसली. दिव्या आईच्या गळ्यात पडून रडत होती, सगळे कॅमेरे तिथे.

हम्पी ३८ वर्षांची आहे. २००२ साली ती १५ वर्षांची असताना ग्रँडमास्टर झाली, तेव्हा जगातली सर्वांत लहान महिला ग्रँडमास्टर, युदित पोल्गारचा विक्रम मोडून. म्हणजे दिव्याचा जन्म व्हायच्या तीन वर्षं आधी! मधे मुलीच्या जन्मासाठी दोन वर्षं पटापासून लांब. परत येऊन जागतिक रॅपिड विजेतेपद दोनदा, २०१९ आणि २०२४. ही बाई हरली म्हणून मला वाईट वाटलं आणि दिव्या जिंकली म्हणून आनंद झाला. एकाच डावावर दोन्ही. असं मला इतर कुठल्या खेळात होत नाही.

---

औंधकर | ३१ जुलै, रात्री ९.२०

उंटरावांनी ग्रँड प्रीचा उल्लेख एका ओळीत संपवला, म्हणून पुणेकर या नात्याने निषेध नोंदवतो. या जिन्याची एक पायरी आमच्या हडपसरात होती! एप्रिलमध्ये अमनोरातल्या हॉटेलात ग्रँड प्रीचा पुण्याचा टप्पा झाला. तिबिलिसी, श्यमकेंट, मोनॅको, निकोसिया, पुणे आणि ऑस्ट्रियातलं ग्रॉसलोबमिंग असे सहा टप्पे. किती पुणेकरांना कळलं होतं कोण जाणे. मी दोन दिवस गेलो.

बाहेर चाळीसच्या आसपास तापमान, आत एसीने हुडहुडी. मोबाइल बाहेर जमा. पाच पट, दहा खुर्च्या. एकही आवाज नाही. शांतता इतकी, की कुणी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं तरी तीन डोकी वर होतात. मोहरा ठेवल्याचा टक् आणि घड्याळ दाबल्याचा टप्, एवढंच ऐकू येतं. टीव्हीवर पटाशेजारी कुणाची बाजू वरचढ ते दाखवणारी संगणकाची ती पट्टी वरखाली होत असते, त्यामुळे आपल्याला वाटतं की आपल्याला सगळं कळतंय. तिथे पट्टी नसते. मी अर्धा तास एका पटाकडे बघत होतो, कोण जिंकतंय हे शेवटपर्यंत कळलं नाही.

हम्पी आणि झू जिनेर दोघींचे नऊपैकी सात गुण, टायब्रेकवर पहिला क्रमांक हम्पीला. दिव्या तिसरी आली.

एक योग सांगतो. १६ एप्रिलला पुण्यात या दहा जणी आव्हानवीर होण्याच्या रांगेत आपापल्या पटावर बसल्या होत्या आणि त्याच दिवशी चीनमध्ये जूने टॅनविरुद्धचा शेवटचा डाव बरोबरीत सोडवून किताब राखला. एकाच जिन्याची दोन टोकं.

---

वेळ_संपली | ३१ जुलै, रात्री ९.४१

औंधकर, प्रेक्षक किती होते?

---

औंधकर | ३१ जुलै, रात्री ९.४४

मी, काही मुलं, त्यांचे आईबाप. आणि एक आजोबा एसीत बसायला आले होते असा माझा दाट संशय आहे.

---

जुना_खोडरबर | १ ऑगस्ट, सकाळी ६.३०

मूळ प्रश्नाकडे येतो. ती 'एकच बाई' हम्पीच. नोव्हेंबर २०११, तिराना, अल्बानिया. समोर चीनची विश्वविजेती हौ यीफान, वय १७. दहा डावांची लढत होती, आठव्यातच संपली: ५.५–२.५. यीफानने तीन जिंकले, पाच बरोबरीत, हम्पीला एकही नाही.

मी तेव्हा बँकेत होतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काउंटरमागच्या संगणकावर आदल्या रात्रीच्या चाली पुन्हा बघायचो, चोरून. तिसरा डाव हम्पी हरली तेव्हा अजून आशा होती. सहाव्यानंतर शिपाई म्हणाला, "साहेब, आज डबा उघडलाच नाही."

आकडे बघून एकतर्फी वाटतं, पण तिथवर पोचायला हम्पीला दोन वर्षांची ग्रँड प्री मालिका खेळावी लागली होती. दोहातली शेवटची स्पर्धा जिंकून ती आव्हानवीर ठरली. म्हणजे ज्या रस्त्याने कस लागतो त्याच रस्त्याने ती गेली.

दुसरी गोष्ट. त्या काळात किताबाची पद्धतच धड नव्हती. एक वर्ष समोरासमोर लढत, पुढच्या वर्षी बाद पद्धतीचं विश्वविजेतेपद, पुन्हा लढत. त्यामुळे एका महिन्यापुरत्या लयीत आलेल्या खेळाडूलाही मुकुट मिळायचा आणि वर्षभरात जायचा. हरिका २०१२, २०१५, २०१७ अशा तीन वेळा त्या बाद पद्धतीत उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि तिन्ही वेळा तिथेच अडली. त्या पद्धतीला कंटाळूनच यीफान किताबाच्या चक्रातून बाहेर पडली.

---

काळा_वजीर | १ ऑगस्ट, सकाळी १०.१८

मग मुळात बायकांसाठी वेगळा किताब हवाच कशाला? बुद्धिबळात ताकद लागत नाही. युदित पोल्गार महिलांच्या विश्वविजेतेपदासाठी कधीच खेळली नाही, पुरुषांत खेळून जगात आठव्या क्रमांकापर्यंत गेली. (मी स्त्रीद्वेष्टा नाही, प्रामाणिक प्रश्न आहे. दगड मारण्याआधी वाचा.)

---

शलाका_गो | १ ऑगस्ट, सकाळी ११.०५

दगड नाही, आठवण मारते.

गिरगावातल्या खाडिलकर बहिणी. वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, आणि पुढची दहाएक वर्षं ते विजेतेपद या एका घरातच फिरत राहिलं. वडील 'नवाकाळ'चे संपादक. रोहिणी १९७६ साली तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. त्यावर गदारोळ झाला, मुलगी पुरुषांत कशी काय? प्रकरण फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेपर्यंत गेलं. तेव्हा अध्यक्ष होते मॅक्स यूवे. महिलांना अशा स्पर्धेतून रोखता येणार नाही, असा निकाल लागला.

तर काळ्या वजिरा, दार उघडं आहेच आणि ते उघडायला आपल्याच गावची मुलगी होती. 'खुला' गट हा सगळ्यांसाठी खुला असतो, 'पुरुष' गट असा काही नसतो. वेगळा किताब हा कमी ताकदीसाठी नाही, कमी संख्येसाठी आहे. शंभर मुलांमागे दहा मुली खेळत असतील तर शिखरावर मुलगी दिसायची शक्यता तशीच कमी. किताबामुळे पैसा येतो, पैशामुळे आईबाप मुलीला शिक्षक लावतात.

आता पैशाचंही सांगते. जू–टॅन लढतीची एकूण बक्षीस रक्कम पाच लाख युरो. गुकेश–डिंग या खुल्या विश्वविजेतेपदाच्या लढतीची पंचवीस लाख डॉलर. विश्वचषकाचं म्हणाल तर दिव्याला ५० हजार डॉलर, आणि २०२३ च्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याला १ लाख १० हजार.

---

मांडवीकाठ | १ ऑगस्ट, दुपारी ३.३०

महाराष्ट्राची यादी काढली आहे तर भाग्यश्री साठे-ठिपसे, अनुपमा अभ्यंकर-गोखले, स्वाती घाटे, सौम्या स्वामिनाथन, ईशा करवडे ही नावंही येऊ द्यात. आणि आमच्या गोव्याच्या भक्ती कुलकर्णीचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून मीच घेतो. २०१६ ची आशियाई विजेती, २०१८ आणि २०१९ ची राष्ट्रीय विजेती.

---

वेळ_संपली | १ ऑगस्ट, दुपारी ३.५०

सौम्याचं नाव आलंय तर: २०१८ मध्ये इराणमधल्या आशियाई सांघिक स्पर्धेतून तिने माघार घेतली, कारण तिथे डोकं झाकणं सक्तीचं होतं. त्याआधी २०१७ चं महिला विश्वविजेतेपदच तेहरानला भरवलं होतं! तेव्हाही काही खेळाडूंनी याच कारणाने जायला नकार दिला. (ते जिंकलं टॅनने.)

आणि २०२० ची जू–गोर्याचकिना लढत. अर्धी शांघायला, अर्धी व्लादिवोस्तोकला. मुख्य पंच होत्या इराणच्या शोहरेह बयात. शांघायमधल्या एका फोटोत त्यांचा स्कार्फ सैल दिसला, तेवढ्यावरून मायदेशी वादळ उठलं. व्लादिवोस्तोकला त्यांनी तो घालणंच सोडलं. त्यानंतर त्या घरी परतू शकल्या नाहीत. लढत ६–६ आणि टायब्रेकवर जू, हे सगळ्या नोंदींत सापडतं. मला त्या लढतीतल्या पंचबाईच जास्त लक्षात आहेत.

---

बर्फातला_घोडा | २ ऑगस्ट, पहाटे ४.१५ (इथे संध्याकाळ आहे)

टोरोंटोहून. गेल्या वर्षीची कँडिडेट्स आमच्याकडे 'द ग्रेट हॉल'मध्ये झाली. नाव ग्रेट, प्रत्यक्षात जुनी इमारत आणि मोजक्या खुर्च्या. गुकेशची स्पर्धा आणि महिलांची एकाच दालनात, एकाच वेळी. गर्दी अर्थातच गुकेशच्या बाजूला. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसलो, तिथून दिसतही छान होतं.

उंटरावांच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या हॉलमध्ये आहे. कँडिडेट्समध्ये लपायला जागा नसते. बाद पद्धतीत हरलात तर घरी जाता, दुःख एकदाच. इथे आज हरलात तरी उद्या पुन्हा त्याच खुर्चीत. वैशाली मधल्या टप्प्यात ओळीने चार डाव हरली. चार! मला वाटलं आता ही कशीबशी स्पर्धा पुरी करेल. तर शेवटचे पाचही जिंकली. तेराव्या फेरीत तिने चीनच्या लेइ टिंगजीला हरवलं आणि लेइच्या किताबाच्या आशेवर पाणी पडलं. स्वतःला मात्र उशीर झाला होता. टॅन ९ गुणांवर पहिली. हम्पी, लेइ, वैशाली तिघी साडेसात.

दुसरं एक बघा. एकाच देशाच्या खेळाडूंना एकमेकींशी सुरुवातीलाच खेळवतात, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत संगनमताचा संशय नको. टोरोंटोत पहिल्याच दिवशी टॅनने लेइला हरवलं आणि हम्पी–वैशाली बरोबरीत सुटली. शेवटी फरक दीड गुणाचा होता. त्यातला एक गुण पहिल्या दिवशीच टॅनच्या खिशात गेलेला.

---

जुना_खोडरबर | २ ऑगस्ट, सकाळी ६.४५

घोडेराव, उत्तम प्रतिसाद. हाच मुद्दा मला नीट मांडता येत नव्हता.

चीनचं गमक यातच आहे. २०१८, २०२३, २०२५ या तिन्ही लढतींत दोन्ही खुर्च्यांवर चिनी. कुणीही जिंका, किताब घरात. त्याआधी जॉर्जियाचं असंच होतं. १९६२ मध्ये नोना गाप्रिंदाश्विलीने तेव्हाच्या विश्वविजेत्या बिकोवाला ९–२ असं धुतलं, १९७८ मध्ये सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेने नोनाला हरवलं, आणि मायाकडून १९९१ मध्ये चीनच्या शी जूनने किताब घेतला. एकोणतीस वर्षं एकाच छोट्या देशात. दिव्याने चषक उचलला तो त्या जॉर्जियातच, हे मला फार आवडलं.

एकट्यादुकट्या हम्पीला भिंत फोडता येत नाही. रांगेत चारपाच जणी असाव्या लागतात.

---

अनघा_सातारा | ३ ऑगस्ट, रात्री ११.२०

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षं खेळतेय. काल मुख्यमंत्र्यांनी दिव्याला तीन कोटी दिले ते टीव्हीवर बघून घरातले सगळे एकदम बुद्धिबळप्रेमी झाले आहेत :D

शलाकाताईंना विचारायचं होतं. शिकवणारे सर म्हणतात मुलींच्या गटात खेळवा, ट्रॉफी नक्की. मुली सहासातच असतात. घरात चार ट्रॉफ्या आहेत. पण गेल्या स्पर्धेत ती खुल्या गटातल्या पटांशी जाऊन उभी राहायची, आपल्या डावापेक्षा तिकडेच लक्ष. (स्पर्धेचं विचारू नका. मंगल कार्यालय, अर्धे पंखे बंद, आम्ही आईबाप बाहेर उन्हात, आणि पाचची फेरी सातला.) काय करावं?

---

शलाका_गो | ३ ऑगस्ट, रात्री ११.५२

अनघा, ती जिकडे बघत उभी राहते तिकडे बसव. ट्रॉफ्या पुसायचं कामही कमी होईल.

---

काळा_वजीर | ४ ऑगस्ट, सकाळी ९.००

शलाकाताईंशी सहमत. धाग्यात पहिल्यांदाच. तारीख लिहून ठेवा.

---

तिरका_उंट | १६ सप्टेंबर, सकाळी ८.१०

धागा वर काढतो, कारणच तसं आहे. काल समरकंदला ग्रँड स्विस वैशालीने जिंकली! अकरापैकी आठ. शेवटच्या फेरीत टॅन झोंगयीशी बरोबरी. लाग्नोचेही आठच, पण टायब्रेकवर वैशाली वर. २०२३ ला आइल ऑफ मॅनलाही हीच जिंकली होती, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा.

आणि हे कधी? गेल्याच महिन्यात चेन्नईच्या स्पर्धेत ती ओळीने सात डाव हरून तळाला गेली होती. घोडेरावांनी टोरोंटोचे चार सांगितले, इथे सात.

म्हणजे कँडिडेट्सच्या आठपैकी तीन खुर्च्या आपल्या: दिव्या, हम्पी, वैशाली. खोडरबरकाकांची रांग तयार होतेय.

---

बर्फातला_घोडा | १६ सप्टेंबर, सकाळी ९.३०

तिघी म्हणजे सुरुवातीलाच एकमेकींचे गुण खाणार, हे विसरू नका.

---

जुना_खोडरबर | १६ सप्टेंबर, सकाळी ९.४२

खाऊ देत. तिराना मी एकट्या हम्पीसाठी जागून काढलंय. आता कुणासाठी जागायचं हे ठरवता येत नाही, हीच मोठी चैन आहे.

---

औंधकर | १६ सप्टेंबर, दुपारी २.००

दिव्या समरकंदला महिला गटात नव्हतीच, खुल्या गटात खेळली. कँडिडेट्सची जागा खिशात असल्यावर पुरुष ग्रँडमास्टरांशी अकरा डाव. हिला तयारी म्हणतात.

---

मांडवीकाठ | १६ सप्टेंबर, दुपारी २.२५

आणि खुला विश्वचषक यंदा आमच्या गोव्यात. या सगळ्यांनी, मासळी खायला घालतो. औंधकरांचे एसीवाले आजोबाही चालतील.

---

काळा_वजीर | १६ सप्टेंबर, दुपारी ४.४०

उंटराव, तो फ्लेक्स अजून आहे का?

---

तिरका_उंट | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ७.१५

गणपतीत उतरवला. त्याजागी आता शुभेच्छुकांचे नऊ चेहरे आहेत, दिव्या नाही. सासरे गावी गेले, पण काल रात्री फोन करून विचारत होते, "त्या चीनच्या बाईशी कोण खेळणार ते ठरलं का?"

---

अनघा_सातारा | २९ सप्टेंबर, रात्री १०.०५

शलाकाताई, तुमचं ऐकलं. काल खुल्या गटात बसवलं. सातपैकी साडेतीन. शेवटच्या फेरीत एक हत्ती जास्त होता, समोर आठवीतला मुलगा. चाल केली आणि घड्याळ दाबायचंच राहिलं. तो मुलगाही गप्प बसून राहिला. हिची वेळ संपली.

एसटीत खिडकीशी बसून बराच वेळ बोललीच नाही. खंबाटकी उतरल्यावर म्हणाली, "आई, हम्पीपण वेळेमुळेच हरली ना?"

मी म्हटलं, हो.

"तिचा पण हत्तीच होता?"